नफ्याच्या हिशेबातून गाळलेले हात

दूरचित्रवाणीवरील मोटारींच्या कार्यक्रमांची समीक्षा या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. कविता, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांची चर्चा जेथे व्हायची तेथे जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या गोऱ्या माणसांचे काय काम? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, आपली मुले जे रोज पाहतात त्यातून त्यांची श्रमाविषयीची जाणीव घडते, आणि श्रमाचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न आहे. कोणते काम कोणी करायचे, त्याची किंमत कोणी ठरवायची आणि ते करणाऱ्याला माणूस म्हणून कोठे उभे करायचे, या तीन खांबांवर जातिव्यवस्था उभी आहे. या तीन प्रश्नांना स्पर्श करणारी कोणतीही कलाकृती, मग ती कितीही हलकीफुलकी असो, आपल्या समीक्षेच्या कक्षेत येते.

हा लेख लिहावा असे वाटले ते एका विद्यार्थ्यामुळे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा सकाळी महाविद्यालयात येतो आणि दुपारनंतर कामठी रोडवरच्या एका गॅरेजात काम करतो. वर्गात तो हात बाकाखाली धरून बसतो. नखांत बसलेले काळे ऑइल साबणाने जात नाही, आणि ते कोणाला दिसू नये अशी त्याची धडपड असते. एकदा वर्ग सुटल्यावर बोलता बोलता तो या कार्यक्रमांविषयी सांगू लागला. गॅरेजातले सगळेच ते आवडीने पाहतात म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "पण सर, ह्याच्यात मजुरी त पकडलीच नाही ना!"

या एका वाक्यात त्या कार्यक्रमाची समीक्षा होऊन गेली आहे. मी पुढे जे लिहितो आहे ते केवळ त्याचे स्पष्टीकरण होय.

'व्हीलर डीलर्स' हा इंग्लंडमधील कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. डिस्कव्हरी वाहिनीमार्फत तो देशोदेशी गेला आणि हिंदी आवाज घेऊन आपल्या घरांतही आला. त्याची रचना लोककथेसारखी ठरलेली आहे. माइक ब्रुअर हा मोटारींचा व्यापारी. तो कोठेतरी पडून असलेली जुनी गाडी हेरतो, घासाघीस करतो, हातावर हात मारून सौदा पक्का करतो. मग ती गाडी एड चायना या उंच, शांत मिस्त्रीच्या कार्यशाळेत येते. इंजिन उतरते, क्लच प्लेट बदलली जाते, गंजलेला पत्रा कापून त्या जागी नवा पत्रा वेल्डिंगने जोडला जातो. एड काम करता करता प्रत्येक पायरी समजावून सांगतो. शेवटी गाडी झळाळते, गिऱ्हाईक येते, पुन्हा घासाघीस होते आणि पुन्हा हात मिळवला जातो. मग हिशेब मांडला जातो : गाडी इतक्याला घेतली, सुट्या भागांना इतके लागले, इतक्याला विकली, नफा इतका.

या कार्यक्रमाकडे मी तुच्छतेने पाहत नाही. त्याचा मोठेपणा प्रथम मान्य केला पाहिजे. मिस्त्रीच्या हातांकडे इतक्या आदराने आणि इतका वेळ पाहणारा कॅमेरा आपल्या पडद्यावर मला दिसलेला नाही. आपल्या चित्रपटांत मिस्त्री असतो तो विनोदासाठी, नाहीतर शेवटी तो कोणा श्रीमंताचा हरवलेला मुलगा निघावा यासाठी. त्याच्या हातात पाना असतो, पण तो पाना कोणत्या नटाला लागतो हे आपल्याला कधी कळत नाही. कारण दिग्दर्शकाला ते ठाऊक नसते आणि प्रेक्षकाला ते ठाऊक व्हावे असे त्याला वाटतही नाही. येथे मात्र गंजलेला एक नट कसा सोडवायचा यावर काही मिनिटे खर्ची पडतात, आणि पाहणारा श्वास रोखून पाहतो. ज्ञान हातात असते, ही गोष्ट हा कार्यक्रम कोणतेही भाषण न करता सिद्ध करतो.

दुसरी गोष्ट. एड चायना हा लंडनच्या साउथ बँक विद्यापीठाचा अभियांत्रिकी रचनेचा पदवीधर आहे. पदवी घेतलेला माणूस गाडीखाली पाठ टेकून पडतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे पदवीचा पहिला उपयोग हात कामातून काढून घेण्यासाठी होतो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात दाखवून दिले की, जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि ती वाटणी खालीवर अशा पायऱ्यांची आहे. व्यापारी माइक आणि मिस्त्री एड एकमेकांना नावाने हाक मारतात, थट्टा करतात. व्यापाऱ्याच्या कपाची आणि मिस्त्रीच्या कपाची जागा वेगळी नसते. इंग्लंडात वर्गभेद नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण कामाची पायरी जन्माने ठरत नाही, एवढ्या एका गोष्टीने पडद्यावरची हवा किती मोकळी होते ते पाहण्यासारखे आहे.

एडच्या हातातले नारिंगी रबरी मोजे या कार्यक्रमाची ओळख होऊन बसले. आमच्या नागपूरच्या संत्र्याच्या रंगाचे हे मोजे पाहून गॅरेजातली पोरे हसतात. ती उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये सुटे भाग धुतात. हसणे स्वाभाविक आहे, पण मला त्या मोज्यांपाशी थांबावेसे वाटते. काम करणाऱ्याची कातडी वाचवण्याजोगी आहे, हे ज्या समाजाने मान्य केले त्या समाजात मोजे येतात. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा आणि गटारात उतरणाऱ्याला संरक्षक साधने देणे बंधनकारक करणारा कायदा २०१३ साली झाला, आणि त्यानंतरही माणसे उघड्या अंगाने गटारात उतरून मेली आहेत. मोज्यांचा प्रश्न हा पैशांचा प्रश्न नाही. कोणाचे हात कोणत्या मोलाचे, हा तो प्रश्न आहे.

*

आता त्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे वळू.

समजा, गाडी १००० पौंडांना घेतली, भागांना ५०० लागले आणि ती २००० पौंडांना विकली. पडद्यावर ५०० पौंड नफा दिसतो. पण त्या गाडीवर मिस्त्रीने समजा पन्नास तास काम केले, आणि तासाला ५० पौंड अशी मजुरी धरली, तर २५०० पौंड होतात. म्हणजे धंदा २००० पौंडांच्या तोट्यात गेला. मजुरीचा रकाना भरला की नफा उडून जातो. तो रकाना गाळला तरच गोष्ट गोड होते.

कोणी म्हणेल, हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, त्याच्याकडून जमाखर्चाची अपेक्षा कशाला? पण जमाखर्च त्यांनीच मांडला आहे. तोच या गोष्टीचा कळस आहे. त्यातून जो अर्थ प्रेक्षकाच्या मनात रुजतो तो असा की, नफा हा व्यापाऱ्याच्या चतुराईतून, स्वस्तात घेण्याच्या आणि महागात विकण्याच्या कौशल्यातून जन्मतो. मिस्त्रीचे काम अद्भुत खरे, पण ते हवेसारखे फुकट आहे. येथे सन्मान आहे, मोल नाही. सन्मान देऊन मोल गाळणे ही शोषणाची एक जुनी आणि सभ्य रीत आहे.

पुढे जे घडले त्याने हा अर्थ अधिकच स्पष्ट केला. हा कार्यक्रम अमेरिकेत हलला होता. २०१७ साली एड चायना त्यातून बाहेर पडला. कार्यशाळेतील तपशीलवार कामाचे चित्रण अवघड जाते म्हणून ते कमी करावे अशी निर्मिती करणाऱ्या वाहिनीची इच्छा आहे, असे कारण त्याने जाहीरपणे सांगितले. त्याच्या जागी आधी अँट अँस्टेड आणि नंतर मार्क प्रिस्टली असे मिस्त्री आले. व्यापारी मात्र तोच राहिला. पैसा वाचवायची वेळ आली तेव्हा कात्री सौद्यावर पडली नाही. आधीच हिशेबात नसलेल्या हातांवर ती पडू पाहत होती. हिशेबात ज्याला जागा नसते त्याला आज ना उद्या चित्रातही जागा उरत नाही.

इतर कार्यक्रमांत हे आणखी उघडे पडते. २०१२ ते २०२० या काळात चाललेल्या 'फास्ट अँड लाउड'मध्ये टेक्सासमधील डॅलसच्या गॅरेजचा मालक रिचर्ड रॉलिंग्ज हाच नायक आहे. मिस्त्री ही त्याने दिलेल्या मुदतीमागे धावणारी फौज आहे. 'पिंप माय राइड' (२००४ ते २००७) मध्ये गरीब तरुणांच्या मोडक्या गाड्यांना भपकेबाज रूप दिले जाई. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांत गाडी सजवण्याची जी स्वाभिमानी परंपरा आहे तिचेच हे बाजारी रूप. बसवलेल्या काही वस्तू चित्रीकरणानंतर काढून घेतल्या गेल्या आणि गाडीचे मूळ बिघाड तसेच राहिले, असे त्यात भाग घेतलेल्यांपैकी काहींनी पुढे सांगितले. गरिबाच्या गाडीला वरून रंग आणि आत तोच आजार! आपल्या वस्त्यांच्या सुशोभीकरणाच्या योजना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

*

टाकून दिलेल्या वस्तूला मोल आणून देणे हा या कार्यक्रमांचा विषय आहे. हा विषय आपल्याला नवा आहे काय? गावगाड्यात मेलेले जनावर ही सर्वांत टाकाऊ वस्तू होती. महारांनी ते ओढून न्यायचे. ढोरांनी त्याचे कातडे कमवायचे. चांभारांनी त्याच्या वहाणा शिवायच्या. मोटेच्या चामड्यावर शेतकऱ्याचे पाणी, हलगीच्या चामड्यावर गावाची जत्रा. कुजणाऱ्या देहातून शेतीचे अवजार आणि वाद्य निर्माण करणारी ही विद्या कोणत्याही गॅरेजातल्या विद्येपेक्षा कमी नव्हती. पण त्या विद्येला कोणी कॅमेऱ्यासमोर आणले नाही. तिच्या वाट्याला आला तो विटाळ. ज्याने टाकाऊला मोल दिले तोच टाकाऊ ठरला.

आणि याही धंद्याचा नफ्याचा हिशेब मांडणारे लोक होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे. गावात वर्षाला पन्नास एक जनावरे मरतात, त्यांची शिंगे, खूर, हाडे, मांस यांचे पाचशे रुपये होतात, आणि मेलेली जनावरे ओढू नका असे सांगून आंबेडकर आपल्याच लोकांचे नुकसान करीत आहेत, असा प्रचार 'केसरी'तून होत असे. संगमनेरला त्यांना असा प्रश्न लिहून विचारण्यात आला. बाबासाहेबांचे उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच करा, तुम्हाला ते पाचशे मिळतीलच, शिवाय वरचे पाचशे मी देतो, असे आव्हान त्यांनी दिले. ते आव्हान कोणी घेतले नाही.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. एकात शिंगे, खूर, हाडे यांचे भाव आहेत, पण ते उचलणाऱ्याच्या वाट्याला येणारा अपमान कोणत्याच रकान्यात नाही. दुसऱ्यात गाडी, भाग आणि विक्री यांचे भाव आहेत, पण मिस्त्रीचे तास कोणत्याच रकान्यात नाहीत. दोन्ही ठिकाणी आकडे खरे आहेत आणि हिशेब खोटा आहे. बाबासाहेबांनी त्या प्रश्नकर्त्याच्या बेरजेत चूक काढली नाही. गाळलेला रकाना दाखवून दिला, आणि सगळी बेरीज कोसळली. समीक्षेचे काम याहून वेगळे काय असते?

*

येथे आणखी एका गाळलेल्या गोष्टीची नोंद केली पाहिजे. हातांचे मोल नाकारण्याआधी या समाजाने हातांना कौशल्यच नाकारले. १९२९ साली चाळीसगावला एकही टांगेवाला बाबासाहेबांना बसवून नेण्यास तयार झाला नाही. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला. त्याने पूर्वी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. तो अपघात घोड्यामुळे झाला नाही. लगाम धरण्याची विद्या जातीने अडवून ठेवली होती, तिच्यामुळे झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांतही चांगल्या मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील त्याच नावाच्या कथेत रेल्वेत काम मिळालेला तरुण जात लपवून राहतो आणि जात उघडी पडताच मार खातो. यंत्राने त्याला जात विचारली नव्हती. जात विचारली ती यंत्राभोवतीच्या माणसांनी.

म्हणून इंजिनाविषयी मला एक आपुलकी आहे. मोटार ही वेदात नाही. तिचा कोणी पिढीजात अधिकारी नाही. कार्ब्युरेटर ज्याला कळतो तो उस्ताद. नागपूरच्या गॅरेजांत आज मुसलमान उस्तादाच्या हाताखाली बौद्ध, तेली, कुणबी, हलबा अशी सगळी पोरे एका डब्यातले खाताना मी पाहिली आहेत. हे चित्र सर्वत्र असेच आहे असा माझा दावा नाही. परंतु गावगाड्याने जे कधी होऊ दिले नाही ते येथे होऊ शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

जुन्या गाडीचे आपल्या वस्त्यांतील स्थानही वेगळे आहे. इंग्लंडमधील कार्यक्रमात जुनी गाडी ही हौस असते. इंदोऱ्यात किंवा पाचपावलीत ती घरातली पहिली गाडी असते. १९८३ साली आलेली आणि २०१४ साली बंद झालेली मारुती ८०० अनेक घरांत तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून आली आणि पहिल्यांदा कोणाची आई पुढच्या सीटवर बसून दीक्षाभूमीला गेली. सरकारी नियमांना मात्र दोन प्रकारच्या जुन्या गाड्या दिसतात. २०२१ सालच्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या क्रमांकाचा मान दिला. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले, आणि १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. धुराचा प्रश्न खरा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण श्रीमंताचे जुने तो वारसा आणि गरिबाचे जुने ते भंगार, ही वर्गवारी ओळखीची वाटते. या दोन्ही गाड्या जिवंत ठेवणारे हात मात्र एकच आहेत, आणि त्यांचा उल्लेख कोणत्याच नियमात नाही.

*

आता थोडे आपल्याच घरात पाहू. श्रमाच्या प्रतिष्ठेची भाषा ऐकली की आपला कार्यकर्ता सावध होतो, आणि त्याने सावध झालेच पाहिजे. १९३६ साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा याचे वर्णन केले होते. जन्माने लादलेल्या कामाचे गोडवे गाऊन माणसाला त्या कामातच ठेवण्याची ही युक्ती आपण ओळखून आहोत. पिढीजात काम सोडा, शिका, हा बाबासाहेबांचा आदेश होता, आणि तो पाळला म्हणूनच आज मी हा लेख लिहू शकतो. माझ्या घरात पदवीचे प्रमाणपत्र माझ्याआधी कोणी पाहिलेले नव्हते.

परंतु या आदेशाचा अर्थ आपण हळूहळू अरुंद केला. जातीने लादलेले काम सोडणे याचा अर्थ हाताचे काम सोडणे असा होऊन बसला. आपला पांढरपेशा वर्ग प्रस्थापितांचीच नजर उसनी घेऊन आपल्याच मुलांच्या नखांकडे पाहू लागला. तो विद्यार्थी हात बाकाखाली लपवतो ते कोणापासून? समोर उभा असलेला मीच त्याचा प्राध्यापक आहे. बागूलांच्या नायकाला जात चोरावी लागली. माझ्या वर्गातल्या मुलाला काम चोरावे लागते. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली, याची मला लाज वाटते.

एड चायनाच्या आणि आपल्या प्रश्नात फरक आहे तो निवडीचा. त्याने पदवीनंतर पाना निवडला. पाना टाकून दुसरे काही करण्याची वाटही त्याला मोकळी होती, आणि २०१७ साली त्याने ती वापरलीही. आपल्या मुलाला हे तिन्ही हवे : निवडण्याचा अधिकार, सोडण्याचा अधिकार, आणि जोपर्यंत करतो आहे तोपर्यंत पुरते मोल. यांपैकी एक जरी गाळले तरी श्रमाची प्रतिष्ठा हा शब्द पोकळ होतो.

या मुलाला मी एक काम दिले. गॅरेजात आलेल्या एका जुन्या गाडीचा पहिल्या दिवसापासून विक्रीपर्यंतचा हिशेब लिहून आण म्हटले. त्याने वहीचे एक पान आणले. त्यावर पाच रकाने होते : तारीख, काम, कोणी केले, किती तास, किती मिळाले. डेंटिंग, पुट्टी, प्रायमर, रंग, वायरिंग, ब्रेक, सगळे क्रमाने लिहिलेले. नऊ दिवस, तीन माणसे. चौथा रकाना भरगच्च होता. पाचव्या रकान्यात गॅरेजात नव्याने आलेल्या एका पोराच्या नावापुढे सलग नऊ वेळा लिहिले होते : "शिकत आहे." म्हणजे मजुरी नाही. शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन देण्याचा कायदा १९६१ साली झाला, पण रस्त्याकडेच्या गॅरेजापर्यंत तो पोचलेला नाही. आणि दोष एकट्या उस्तादाचा म्हणावा, तर तोही असाच शिकला.

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात एकही विशेषण नाही. आपल्या आत्मकथनांनी भुकेचा, अपमानाचा आणि गावकीच्या कामाचा हिशेब साऱ्या मराठी साहित्याला ऐकवला. गॅरेज, वर्कशॉप, आयटीआय, हिंगण्याचे कारखाने येथील हातांचा हिशेब अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली होती. ती टॅक्सी दुरुस्त करणाऱ्याचे आत्मकथन कोठे आहे?

माझी सूचना साधी आहे. शिक्षकांनी आपापल्या वर्गात काम करून शिकणारी मुले किती आहेत ते विचारावे, आणि विचारताना आवाजात दया असू नये. त्यांच्याकडून असा पाच रकान्यांचा हिशेब लिहून घ्यावा. कार्यकर्त्यांनी तो पाचवा रकाना घेऊन गॅरेज मालकांच्या संघटनेकडे आणि कामगार कार्यालयाकडे जावे. आणि हे कार्यक्रम मुलांनी जरूर पाहावेत. पाना धरण्याची रीत त्यातून शिकावी. शेवटी हिशेब मांडला जाईल तेव्हा मात्र त्या मुलाने विचारला तो प्रश्न मोठ्याने विचारावा.